एबुल्लीरे : उकळणे, उतू जाणे की गचकणे?

तळटीप

लॅटिनमधलं क्रियापद आहे : एबुल्लिओ, एबुल्लीरे, एबुल्लीवी, एबुल्लीतुम. चौथा गण. कोशात पहिला अर्थ 'उकळी येऊन वर येणे' असा सापडतो. तेवढ्यावर विसंबून भाषांतर करायला बसलं की मराठीत तीन ठिकाणी घोडं अडतं.

१. पेट्रोनियसच्या 'सातिरिकॉन' या रोमन कादंबरीत (प्रकरण ४२) सेलेउकुस नावाचा पाहुणा नुकत्याच आटोपलेल्या अंत्यविधीची बातमी सांगतो : 'होमो बेल्लुस, ताम बोनुस ख्रिसान्थुस आनिमाम एबुल्लिइत.' आनिमाम म्हणजे प्राण, श्वास. मग 'ख्रिसान्थुसनं प्राण उकळला'?

२. सिसेरो 'तुस्कुलानाए दिस्पुतातिओनेस'मध्ये (३.४२) ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसचं वचन देतो की 'शहाणे' म्हणून ओळखल्या जाणाऱ्यांना 'विर्तुतेस' आणि 'सापिएन्तिआस' एबुल्लीरे करायची असतील तर खुशाल करोत. सद्गुण उकळायचे?

३. जेरोमच्या वुल्गातात (बायबलच्या लॅटिन भाषांतरात) निर्गम ८:३ : 'एत एबुल्लिएत फ्लुविउस रानास.' नदी बेडूक उकळेल? तिथं तर फ्रेंच पद्धतीचं जेवणच होतं!

तिन्हीकडे चालेल असं एक मराठी क्रियापद आहे का, की जागेप्रमाणे बदलावं? आणि मुळात 'उकळणे' हा पहिला अर्थ बरोबर आहे का?

गणपाठ

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून आधी तो.

हे क्रियापद 'बुल्ला' या नामावरून आलंय. बुल्ला म्हणजे बुडबुडा. त्यावरून बुल्लीरे, म्हणजे बुडबुडे येणे. त्याच्या आधी 'एक्स' (बाहेर) हा उपसर्ग लागला. 'ब'च्या आधी त्याचा नुसता 'ए' उरतो आणि तो दीर्घ असतो. म्हणून एबुल्लीरे म्हणजे शब्दशः 'बुडबुड्यांनी बाहेर येणे'. यात आच, जाळ, तापमान काहीही नाही. उष्णता दाखवणारं क्रियापद वेगळं आहे : फेर्वेरे. लोखंड फेर्वेरे करू शकतं, राग करू शकतो, कारण त्यात मुद्दा तापण्याचा आहे. बुल्लीरेला मात्र द्रव लागतो आणि त्यात हवा किंवा वाफ लागते.

पाणी उकळताना तापतंही आणि बुडबुडतंही, म्हणून रोजच्या वापरात दोन्ही क्रियापदं एकाच पातेल्यावर येतात आणि कोशकार दोघांनाही 'उकळणे' लावून मोकळे होतात. तुमची तिन्ही उदाहरणं पाहा. एकातही चूल नाही. प्राण, सद्गुण, बेडूक या तिन्ही गोष्टी आतून बाहेर येताहेत, आणि बुडबुड्यासारख्या, म्हणजे थांबून थांबून, फुटत फुटत.

दुसरी गोष्ट व्याकरणाची. द्रव स्वतःच बुडबुडत असेल तर क्रियापद अकर्मक. तुमच्या तिन्ही वाक्यांत ते सकर्मक आहे आणि कर्म द्वितीयेत आहे : आनिमाम, विर्तुतेस, रानास. मराठीत 'उतू जाणे' अकर्मक, 'ओकणे' सकर्मक. भाषांतराची अर्धी अडचण इथंच आहे.

नवशिका_लॅटिन

बुल्ला आणि आपला बुडबुडा (संस्कृत बुद्बुद) एकाच मुळातले असणार ना? दोन्हीत ब, दोन्हीत उ.

गणपाठ

नाही. दोन्ही शब्द आवाजावरून घडलेले मानले जातात. पाणी सगळीकडे सारखंच बोलतं म्हणून शब्द सारखे दिसतात. नातं लावायला नियमित ध्वनिबदल दाखवता यायला हवेत आणि इथं ते दाखवता येत नाहीत. 'उत्कलन'मधला उद् आणि 'एबुल्लीरे'मधला एक्स यांचंही तसंच. काम एक, कूळ वेगळं. या उद् चा नातलग लॅटिन एक्सपेक्षा इंग्रजी 'आउट' आहे.

जाता जाता, 'एबुलुम' नावाची एक वनस्पती लॅटिनमध्ये आहे (एल्डरची बुटकी जात). तिचा याच्याशी संबंध नाही. शब्दयादीत शेजारी शेजारी येतात म्हणून गोंधळ होतो. इंग्रजीत अंगावर येणारं गळू आणि उकळणं या दोन्हींना 'बॉइल' म्हणतात, तेही दोन वेगळे शब्द : गळवाचा जुन्या इंग्रजीतला, उकळण्याचा फ्रेंचमार्गे बुल्लीरेकडून आलेला.

डावओगराळं

स्वयंपाकघरात हा फरक रोज दिसतो. पाणी खळखळ उकळतं, पण पातेल्याबाहेर सहसा येत नाही, कारण वाफेचा बुडबुडा पृष्ठभागावर आला की लगेच फुटतो. दूध मात्र उतू जातं. तापताना दुधातली प्रथिनं आणि स्निग्धांश वर जमून पातळ साय धरतात, खालून येणारी वाफ तिच्याखाली अडकते, बुडबुडे न फुटता एकावर एक चढतात आणि फेसाचा डोलारा काठ ओलांडतो. म्हणून पळी आडवी ठेवतात किंवा ढवळत राहतात. साय मोडली की वाफेला वाट मिळते.

'एक्स' उपसर्गाचं चित्र डोळ्यांसमोर आणायचं असेल तर पाण्याकडे नको, दुधाकडे बघा. पाणी बुल्लित, दूध एबुल्लित. रोमन लोक असा काटेकोर भेद करत होते असं मी म्हणत नाही, पण अर्थ लक्षात ठेवायला पक्की खूण आहे.

मराठीतले शब्दही वेगवेगळे आहेत. आधण येणं म्हणजे तांदूळ टाकण्याइतकं पाणी उकळणं. आमटी रटरटते. खदखदणं हे दाट पदार्थाचं, आणि रागाचंही. ताक किंवा आंबवण फसफसतं. तिथं विस्तव नसतो, वायू असतो. गणपाठ म्हणतात त्या 'चुलीविना' अर्थाला 'फसफसणे' सगळ्यात जवळचं.

अवग्रह

रोमन पाककृतींत मात्र एबुल्लीरे शोधत बसू नका. आपिकिउसच्या नावावरच्या पाककृतींत ठरलेलं वाक्य 'फाकिएस उत फेर्वेआत' (उकळी येऊ द्या) आणि मग 'कुम फेर्बुएरित' (उकळी आली की). 'बुल्लिआत'ही येतं.

शेतीच्या लिखाणात कॅटोनं 'दे आग्री कुल्तूरा'च्या १०५व्या प्रकरणात क्रियापद वापरलंय, पण पहिल्या गणातलं, बुल्लारे. समुद्रापासून दूरच्या शेतात 'ग्रीक' पद्धतीची दारू कशी करायची ते तिथं सांगितलंय. २० क्वाद्रान्ताल द्राक्षरस तांब्याच्या किंवा शिशाच्या कढईत ओतायचा, खाली जाळ करायचा, आणि 'उबि बुल्लाबित वीनुम, इग्नेम सुब्दूकितो' : दारूला बुडबुडे आले की जाळ काढून घ्या. एक क्वाद्रान्ताल म्हणजे सुमारे २६ लिटर, तेव्हा सव्वापाचशे लिटरच्या आसपास रस झाला. तो निवला की ४० क्वाद्रान्तालच्या रांजणात. वेगळ्या भांड्यात १ क्वाद्रान्ताल गोडं पाणी आणि १ मोदिउस (साधारण पावणेनऊ लिटर मापाचं) मीठ घालून खारं पाणी करायचं आणि तेही रांजणात.

रांजण दुप्पट मोठा का, ते उघड आहे. पुढं आंबताना हाच रस पुन्हा फेसाळतो, या वेळी जाळाशिवाय. एकाच पदार्थाला दोनदा बुडबुडे : आधी वाफेचे, मग कार्बन डायऑक्साइडचे. दोन्हीला बुल्लारे चालतं, फेर्वेरेही चालतं. लॅटिन लेखक आंबणाऱ्या रसालाही फेर्वेरे म्हणतात, तेव्हा गणपाठ यांनी वर काढलेली 'उष्णता विरुद्ध बुडबुडा' ही रेघ इतकी सरळ नाही.

गणपाठ

मान्य. रेघ उगमाची आहे, वापरात ती पुसट होते. पण एक दिशा मात्र पक्की आहे : फेर्वेरे पुढं सरकून बुडबुड्यांपर्यंत येतं, बुल्लीरे मागं सरकून नुसत्या तापण्यापर्यंत जात नाही. तापलेल्या लोखंडाला बुल्लीरे लावलेलं दिसणार नाही.

डावओगराळं

शिशाची कढई वाचून दचकायला झालं. आंबट रस शिशात तापवला की शिसं त्यात उतरतं आणि चव उलट गोड लागते. शेतीवर लिहिणारा कोलुमेल्ला तर (१२.२०) शिशाचीच भांडी बरी म्हणतो, कारण तांब्या-काशाच्या भांड्याचा कळंक उतरून चव बिघडते. चवीपुरतं त्याचं बरोबर होतं, तब्येतीच्या दृष्टीनं अगदी उलट. जाळाबद्दल मात्र त्याचा सल्ला पक्का आहे : सुरुवातीला मंद आच, तीही बारीक काटक्यांची, म्हणजे रस सावकाश उकळतो आणि वर येणारा फेस काढून टाकायला वेळ मिळतो. गुळाच्या चुलवाणावर मळी काढतात, तेच तंत्र.

अवग्रह

आटवण्याला पुन्हा तिसरं क्रियापद : देकोक्वेरे. प्लिनीच्या मापानं (१४.८०) द्राक्षरस निम्मा आटला की देफ्रुतुम, एक-तृतीयांश उरला की सापा. आपला काढा म्हणजे देकोक्वेरे. यावरून 'देकोक्तोर' म्हणजे दिवाळखोर. पैसा आटवून बसलेला. एबुल्लीरेनं काही आटत नाही, सांडतं. भाषांतरात हे दोन मिसळू नयेत.

काचेची_नळी

विज्ञानात आलेल्या याच्या वंशजांकडे पाहिलं तर 'बुडबुडा, उष्णता नव्हे' हा मुद्दा आणखी घट्ट होतो.

तळ्याच्या तळाशी गाळात मिथेन तयार होतो आणि बुडबुड्यांनी वर येतो. त्या क्रियेला इंग्रजीत एबुलिशन म्हणतात. पाणी थंडगार असतं. इथं 'उत्कलन' लिहिलं तर चूक होईल, 'बुडबुड्यांनी उत्सर्जन' असं लिहावं लागतं.

एबुलिझम : सुमारे १९ किलोमीटर उंचीवर हवेचा दाब ४७ मिलिमीटर पाऱ्याइतका उरतो. एवढ्या दाबाला पाणी ३७ अंश सेल्सियसला, म्हणजे शरीराच्याच तापमानाला उकळतं. दाबपोशाख नसेल तर उघड्या ओलाव्यात, उदाहरणार्थ जिभेवरच्या लाळेत, बुडबुडे येतात. चटका बसत नाही.

या तिन्हींत उष्णतेशी खरोखर बांधलेला वंशज एकच, एबुलिओस्कोपी : द्रावणाचा उत्कलनांक किती चढला यावरून विरघळलेल्या पदार्थाचं रेणुवस्तुमान काढणं. पाण्यासाठी स्थिरांक ०.५१२, म्हणजे १ किलो पाण्यात १ मोल पदार्थ विरघळला की उत्कलनांक ०.५१२ अंशानं वाढतो. मिठाचे दोन आयन होतात म्हणून दुप्पट धरायचं. लिटरभर पाण्यात १० ग्रॅम मीठ घातलं तर वाढ जेमतेम ०.१७ अंश. मीठ घालून डाळ 'जास्त तापमानाला' शिजते, हा समज एवढ्यावरच निकालात निघतो.

नवशिका_लॅटिन

जुन्या औषधचिठ्ठ्यांत 'आक्व. बुल्ल.' आणि 'आक्व. फेर्व.' अशी दोन लघुरूपं दिसतात. दोन्ही 'उकळतं पाणी' का?

काचेची_नळी

नाही. आक्वा बुल्लिएन्स म्हणजे बुडबुडे येत असलेलं, उकळतं पाणी. आक्वा फेर्वेन्स म्हणजे गरम पाणी. पानं-फुलं भिजवून फांट करायचा तर पहिलं, आणि जिथं उकळत्या पाण्यानं औषध बिघडेल तिथं दुसरं. इथं क्रियापदांमधला फरक थेट औषधाच्या गुणावर येतो. चिठ्ठीत नुसतं 'बुल्ल.' असेल तर ते बहुधा 'बुल्लिआत', म्हणजे 'उकळू दे'.

पर्वरीकर

पोर्तुगीजमध्ये हीच वाटणी वेगळ्या रीतीनं उरलीय. घरात पाणी उकळायचं तर फेर्वेर, शाळेच्या पुस्तकात उत्कलनांक म्हणजे 'पोंतु द इबुलिसांव'. आणि बुल्लीरेचा घरगुती वंशज 'बुलीर' याचा अर्थ झालाय हलवणं, कशाला तरी हात लावत बसणं. स्पॅनिशमध्येही 'एर्विर' (फेर्वेरेवरून) उकळण्याला, आणि 'बुयिर' गर्दीच्या लगबगीला. फ्रेंच आणि इटालियननं उलट केलं : 'बुयीर' आणि 'बोल्लिरे' हेच चुलीवर ठेवले. म्हणजे एका लॅटिनच्या घरात दोन क्रियापदं, वाटणी झाली तेव्हा पश्चिमेकडच्या भावांनी एक घेतलं आणि मधल्यांनी दुसरं.

मार्सेची माशांची कढी, बुयाबेस, तिच्या नावातच कॅटोची ओळ आहे. प्रोव्हान्सच्या भाषेत 'बोल्यीर' (उकळणं) आणि 'अबेस्सार' (उतरवणं) : उकळी आली की आच कमी करा.

आणि बुल्ला इथंच थांबत नाही. गोल, फुगीर म्हणून रोमन मुलांच्या गळ्यातला ताईत बुल्ला (पोरगा वयात आला की उतरवायचा), गोल म्हणून शिशाची मोहर बुल्ला, आणि ती मोहर लावलेलं पोपचं फर्मान बुल्ला. गोव्याच्या धर्मप्रांताचं १५३४चं फर्मान, 'आएक्वुम रेपुतामुस', हीसुद्धा एक बुल्लाच. बुलेटिनचाही उगम तोच.

तळटीप

सगळं मोलाचं आहे, पण माझा ख्रिसान्थुस अजून तिरडीवरच आहे. 'आनिमाम एबुल्लीरे'चा सूर कसला धरायचा? गंभीर की टवाळ?

अवग्रह

टवाळ, किंवा निदान बाजारू. पुरावा सेनेकाच्या 'आपोकोलोकिन्तोसिस'मध्ये आहे. सम्राट क्लॉडियस १३ ऑक्टोबर ५४ रोजी वारला, त्यावरची ही टर. तिसऱ्या प्रकरणाची सुरुवात : 'क्लाउदिउस आनिमाम आगेरे कोएपित नेक इन्वेनीरे एक्सितुम पोतेरात.' आनिमाम आगेरे हा मरणासन्न असण्याचा साधा, सभ्य शब्दप्रयोग. शब्दशः 'प्राण हाकणे'. सेनेका तो शब्दशः घेतो : क्लॉडियस प्राण हाकायला लागला, पण त्याला बाहेर पडायची वाट सापडेना! मग चौथ्या प्रकरणात : 'एत इल्ले क्विदेम आनिमाम एबुल्लिइत, एत एक्स एओ देसिइत वीवेरे विदेरी.' त्यानं प्राण बुडबुडत सोडला आणि तेव्हापासून तो जिवंत असल्यासारखा दिसेनासा झाला.

अडलेली वाट मोकळी झाली ती कुठून, हे त्याच प्रकरणात पुढं क्लॉडियसच्या तोंडच्या शेवटच्या वाक्यात कळतं. ते इथं देत नाही, धोतराशी संबंधित आहे. पण त्यामुळे एबुल्लिइतमधला बुडबुडा वायूचा आहे, वाफेचा नाही, याबद्दल शंका उरत नाही.

रोमन कवी पर्सियसच्या दुसऱ्या सटायरमध्ये, म्हणजे उपहासकवितेत (ओळी ९-१०), देवळात पुटपुटणारा पुतण्या मनातलं मागणं मागतो : 'ओ सी एबुल्लिआत पात्रुउस, प्राएक्लारुम फूनुस!' इथं आनिमाम गाळलंय, नुसतं क्रियापद. म्हणजे तोवर शब्द इतका रुळला होता की कर्म न सांगताही कळायचं. पात्रुउस म्हणजे वडिलांचा भाऊ. मामाला आवुन्कुलुस हा वेगळा शब्द. इंग्रजी भाषांतरकाराला हा भेद सोडावा लागतो, आपल्याला नाही : 'काका एकदाचा गचकू दे रे देवा! काय झकास अंत्ययात्रा निघेल!'

नवशिका_लॅटिन

ही ओळ वृत्तात बसत नाही. ए-बुल-लि-आत पा-त्रु-उस : दीर्घ, दीर्घ, ऱ्हस्व... वृत्ताचा दुसरा गण तुटतो.

गणपाठ

'लि-आत' ही दोन अक्षरं जोडून 'ल्यात' असं एकच म्हणा. ए-बुल | ल्यात-प-त्रु | उस-प्राए | क्ला-रुम | फू-नुस-एत | ओ सी. (ओळ दहा 'एबुल्लिआत'पासून सुरू होते आणि 'एत ओ सी'वर संपते; पहिलं 'ओ सी' आधीच्या ओळीतलं.) वृत्ताच्या पाचव्या गणात 'नुस एत'मधला 'स' पुढच्या स्वराला जोडा, म्हणजे 'नु-सेत' : ऱ्हस्व, आणि पुढच्या ओकारामुळे 'से' पण ऱ्हस्व. बसलं. बोलण्यातला शब्द आहे, उच्चारही बोलण्यातला घेतलाय.

रूपांबद्दल नेहमीचे तीन घोटाळे. एबुल्लित हे वर्तमान, एबुल्लिइत हे भूत. हस्तलिखितांत एक 'इ' गळाली की काळ बदलतो. एबुल्लिएत (बेडकांचं) भविष्य आहे. क्रियापदांच्या पहिल्या गणातल्या '-एत'ची आठवण येऊन त्याला विध्यर्थ समजू नका, चौथ्या गणाचा विध्यर्थ एबुल्लिआत. आणि एबुल्लिआम मात्र दोन्ही : 'मी बुडबुडेन' आणि 'मी बुडबुडावं'. संदर्भ पाहावा लागतो.

उच्चार करताना दोन 'ल' खरोखर दोन म्हणा, गल्ला-हल्लामधल्यासारखे. 'त' मराठीतल्यासारखाच दंत्य. आघात एबुल्लीरेत 'ली'वर, एबुल्लिइतमध्ये 'बुल'वर.

तळटीप

म्हणजे काकासाठी 'गचकणे'. सिसेरोसाठी 'तोंडाची वाफ दवडणे' कसं वाटतं?

अवग्रह

मोह होतो, कारण वाफ आयती आलीय. पण दोन अडचणी. एक, 'तोंडाची वाफ दवडणे'चा भर ऐकणाऱ्यावर परिणाम न होण्यावर आहे. सिसेरोचा भर शब्द पोकळ असण्यावर आहे. दोन, कर्म नाहीसं होतं. सापिएन्तिआ हा शब्द सहसा एकवचनात येतो. सिसेरोनं मुद्दाम अनेकवचन केलंय, 'शहाणपणं'. त्या अनेकवचनातच बुडबुडे मोजलेत. म्हणून : 'त्यांना सद्गुणांचे आणि शहाणपणांचे बुडबुडे सोडायचे असतील तर...' मराठीत बुडबुडा पोकळ असतोच, वेगळं सांगावं लागत नाही.

'दे फीनिबुस' ५.८० मध्ये पुन्हा एपिक्युरसच. शहाणा माणूस नेहमी सुखी असतो हे वाक्य : 'क्वोद क्विदेम सोलेत एबुल्लीरे नोन्नुम्क्वाम', जे तो अधूनमधून बुडबुडून टाकतो. इथं 'फसकन बोलून जातो' चांगलं बसेल.

डावओगराळं

एपिक्युरसची तीच तीच वाक्यं सिसेरो पुन्हा पुन्हा काढतो, त्याला 'शिळ्या कढीला ऊत' म्हणता येईल का?

अवग्रह

म्हण सुरेख, जागा चुकीची. तिच्यात शिळेपणा महत्त्वाचा, सिसेरोत पोकळपणा. पण नीतिसूत्रे १५:२ ला ऊत चालेल. 'ओस फातुओरुम एबुल्लित स्तुल्तितिआम' : मूर्खांच्या तोंडून मूर्खपणा उतू जातो. पहिल्या अर्ध्या ओळीत शहाण्यांची जीभ ज्ञानाला सजवते. सजवणं विरुद्ध सांडणं. 'ओकते' म्हटलं तर व्याकरण सांभाळलं जातं, पण घाण जास्त होते.

बेडकांबद्दल : ओळ शोधताना क्रमांक सांभाळा. वुल्गातातलं ८:३ हिब्रू मूळ मजकुरात ७:२८ आहे. हिब्रूत नदी बेडकांनी वळवळेल, सुळसुळाट होईल, असा अर्थ. ग्रीक भाषांतरात क्रियापद ढेकर देण्याचं आहे. जेरोमनं एबुल्लिएत घेऊन दोन्ही साधलं : पाण्याचा पृष्ठभाग बुडबुड्यांनी भरतो तसा बेडकांनी भरतो, आणि ते बाहेरही येतात. वुल्गाताचं मराठी करत असाल तर 'नदी बेडकांनी फसफसेल'. हिब्रूचं करत असाल तर 'सुळसुळाट'.

तळटीप

आता मूळ दुखणं. 'गचकला' ख्रिसान्थुसलाही लावला असता, पण चारपाच वाक्यांनंतर सेलेउकुस म्हणतो, 'नोस नोन प्लूरिस सुमुस क्वाम बुल्लाए', आपण बुडबुड्यांहून जास्त मोलाचे नाही. एबुल्लिइत आणि बुल्लाए हा धागा पेट्रोनियसनं मुद्दाम ओवलाय. 'गचकला'नं तो तुटतो.

गणपाठ

बरोबर पकडलंत. 'होमो बुल्ला', माणूस म्हणजे बुडबुडा, ही म्हण त्याच्याही जवळजवळ शंभर वर्षं आधीची. रोमन लेखक व्हॅरो ऐंशीच्या घरात असताना शेतीवरच्या पुस्तकाच्या आरंभी म्हणतो : म्हणतात ना, माणूस बुडबुडा, मग म्हातारा तर जास्तच. सेलेउकुसच्या तोंडी ही म्हण येण्याआधी क्रियापदानं तिची वर्दी दिलेली असते. आणि मध्ये 'ऊत्रेस इन्फ्लाती' आहेत, फुगवलेल्या कातडी पिशव्या. बुडबुडा, पिशवी, बुडबुडा : सगळं हवेचं.

डावओगराळं

कातडी पिशवीला आपल्याकडे पखाल आहे. मग क्रियापद असं हवं की पखालीलाही शोभेल आणि बुडबुड्यालाही. 'फुस्स झाला'?

अवग्रह

फुस्स होतो फटाका, किंवा मोठा गाजावाजा केलेला बेत. माणूस फुस्स होत नाही.

डावओगराळं

रोमन माणूस तरी कुठं बुडबुडत होता? आधी कुणीतरी टवाळीत म्हटलं, मग रूढ झालं. जेवणाच्या पंगतीत, पोटात दारू गेलेल्या माणसाच्या तोंडी 'फुस्स' खटकणार नाही.

तळटीप

करून पाहिलं :

'भला माणूस हो, एवढा चांगला आपला ख्रिसान्थुस, फुस्स झाला. आत्ता आत्ता हाक मारली होती त्यानं मला. अजून त्याच्याशीच बोलतोय असं वाटतं. हाय रे हाय! फुगवलेल्या पखाली आपण, चालतोय झालं. माशीहूनही हलके. माशीत निदान थोडा दम असतो, आपली किंमत बुडबुड्याएवढी.'

अवग्रह

'दम' छान पडलाय, कारण श्वासही दमच. फुस्स मागे घ्यायला सांगत नाही. फक्त ६२व्या प्रकरणात तो पुन्हा वापरू नका. तिथं निकेरोस लांडगा झालेल्या माणसाची गोष्ट सांगताना म्हणतो, 'पाएने आनिमाम एबुल्लीवी'. 'मी जवळजवळ फुस्स झालो' म्हटलं तर भुताची गोष्ट फसेल. तिथं घाम, मेलेले डोळे वगैरे आजूबाजूला आहे. 'माझा प्राण फसकन जायचाच राहिला' असं काहीतरी घ्या. आणि रूप पाहा : तिथं एबुल्लीवी, इथं एबुल्लिइत. एकाच पुस्तकात 'व' असलेलं आणि नसलेलं, दोन्ही.